एजंटला चित्र दिसत नाही

'एआय एजंटला नुसतं सांगा, तो तुमचं काम बघून घेईल' अशी जाहिरात हल्ली रोज कुठे ना कुठे दिसते. यातल्या 'बघून' या शब्दावर माझा आक्षेप आहे. एजंट म्हणजे भाषेच्या एआय मॉडेलवर चालणारा, सांगितलेलं काम स्वतः पायऱ्या ठरवून करणारा प्रोग्राम; आणि माहिती आणायला किंवा बदल करायला तो जो छोटा प्रोग्राम वापरतो, ते टूल. तुमचं काम एखाद्या टूलमार्फत हाताळणारा एजंट ते बघत नसतो. त्याच्यापुढे मजकूर येतो, आणि त्यात काय असावं, काय नसावं हे टूल लिहिणाऱ्या माणसाने ठरवलेलं असतं.

आमच्या सोसायटीतल्या तक्रारींसाठी मी एन-एट-एन (n8n) या कामं आपोआप करून घ्यायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक वर्कफ्लो, म्हणजे एकामागून एक होणाऱ्या कामांची साखळी, बांधला आहे. हे सॉफ्टवेअर यान ओबरहाउझर यांनी २०१९ मध्ये बर्लिनमध्ये सुरू केलं. पडद्यावर चार चौकोन दिसतात: तक्रारीचा फॉर्म, 'तातडीचं आहे का?', 'प्लंबरला मेसेज' आणि 'शीटमध्ये नोंद'. त्यांना जोडणाऱ्या रेघा पाहिल्या की कामाचा रस्ता माणसाला एका नजरेत कळतो. पण ते चित्र वरवरचं. खाली आहे ती जेसन प्रकारातली साधी मजकुराची फाइल, आणि एजंटच्या हाती लागते ती हीच.

या फाइलचे मुख्य भाग दोन. एका भागात नोडची, म्हणजे त्या चौकोनांची यादी. दुसऱ्या भागात जोडण्या. मला स्वतःला या जोडण्या फार आवडतात, म्हणून जरा थांबून सांगतो. प्रत्येक जोडणी नोडच्या नावाखाली नोंदलेली असते. 'तातडीचं आहे का?' या नावाखाली एक यादी असते आणि त्या यादीच्या आत आणखी याद्या. बाहेरच्या यादीतली पहिली जागा, जिचा क्रमांक ०, ती 'हो'ची वाट. दुसरी, क्रमांक १, 'नाही'ची. आतल्या यादीत त्या वाटेने पुढे कोणते नोड लागतात ते लिहिलेलं. मात्र या जोडण्यांमध्ये 'हो' किंवा 'नाही' असा शब्द कुठेही नसतो. अर्थ सगळा जागेवर अवलंबून.

समजा, मी 'हो'ची रेघ पुसली. आता पहिल्या जागी रिकामी यादी उरते, आणि ती तशीच राहायला हवी. कुणी 'रिकामीच तर आहे' म्हणून ती गाळली, की दुसरी यादी सरकून पहिल्या जागेवर येते आणि 'नाही'चं काम 'हो'च्या वाटेला लागतं. नावांचंही तसंच. नोडच्या यादीत नाव बदललं आणि जोडण्यांमध्ये जुनंच राहिलं, तर रेघ तुटते.

एजंटला ही रचना आणून देणारं एक छोटं टूल मी लिहिलं. मॉडेल आणि टूल यांनी एकमेकांशी कसं बोलायचं, याची एमसीपी नावाची खुली पद्धत अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली. त्या पद्धतीत मॉडेलला टूलची ओळख होते ती मुख्यतः तीन गोष्टींवरून: नाव, वर्णन आणि टूलला कोणती माहिती द्यायची त्याचा साचा. आतला कोड त्याला दिसत नाही. त्यामुळे इथे टूलचं वर्णन ही काम संपल्यावर चिकटवायची चिठ्ठी राहत नाही. टूल वापरायचं की नाही, कधी आणि कशासाठी, हे मॉडेल त्या चार ओळींवरूनच ठरवतं.

माझं टूल नोडची नावं, प्रकार आणि जोडण्या देतं. पॅरामीटर, म्हणजे प्रत्येक नोडच्या आतलं सेटिंग, मुद्दाम देत नाही. एका ईमेलच्या नोडमध्येच पानभर मजकूर असू शकतो, आणि मॉडेलची एका वेळी वाचायची जागा मर्यादित असते. लांबलचक मजकुराच्या मधोमध असलेली माहिती मॉडेलकडून जास्त निसटते, हे २०२३ मधल्या एका अभ्यासात दिसलं होतं. दुसरं कारण सुरक्षेचं. एन-एट-एन पासवर्ड वेगळे ठेवतं, पण घाईत कुणी पासवर्डसारखी एखादी गुप्त किल्ली थेट नोडमध्ये चिकटवली असेल, तर ती पॅरामीटरमध्येच पडून असते.

पहिल्या वर्णनात मी एवढंच लिहिलं होतं: 'वर्कफ्लोची रचना आणून देतं.' एजंटला एका नोडचं नाव बदलायला सांगितलं. त्याने रचना मागवली, नाव बदललं, जोडण्यांमध्येही न चुकता बदललं आणि सगळं परत जतन केलं. एन-एट-एनच्या एपीआयमधून, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामसाठी ठेवलेल्या दारातून, वर्कफ्लो बदलायचा, तर नोडची अख्खी यादी पुन्हा पाठवावी लागते. जुनी जाते, नवी बसते. एजंटकडे जी यादी होती तिच्यात पॅरामीटर नव्हतेच. चारही चौकोन जागेवर, रेघा शाबूत, आणि प्लंबरला जाणाऱ्या मेसेजमधला मजकूर कोरा. यात एजंटची चूक नव्हती. काय दिलेलं नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता वर्णन असं आहे: 'नोडची नावं, प्रकार आणि जोडण्या देतं. पॅरामीटर देत नाही, ते रिकामे आहेत असं समजू नये. हे उत्तर जतन करण्यासाठी वापरू नये, त्यासाठी पूर्ण वर्कफ्लो मागवावा. जोडण्यांतल्या रिकाम्या याद्या गाळू नयेत.' कोडची एकही ओळ बदलली नाही. तेच काम पुन्हा सांगितलं, तेव्हा एजंटने आधी रचना पाहिली, मग पूर्ण वर्कफ्लो मागवला आणि त्यानंतरच नाव बदललं. मेसेजचा मजकूर जागच्या जागी होता.