तार ओढणे (खानदेशातील सोनारकाम)

सोन्याची किंवा चांदीची कांब एकाहून एक बारीक छिद्रांतून ओढून तिची लांब, गोल आणि एकसारखी तार करण्याचे हातकाम. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत आणि जुन्या खानदेशाची राजधानी असलेल्या बुऱ्हाणपुरात (आता मध्य प्रदेशात) ते पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. पाहणाऱ्याचे लक्ष ओढण्याकडे जाते. तार निघेल की तुटेल हे मात्र त्याआधी मुशीत (धातू वितळवायच्या भांड्यात) आणि ऐरणीवर बरेचसे ठरून गेलेले असते.

चोख सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, चांदी ९६२ अंशांना. २२ कॅरेटसाठी सोन्यात तांबे-चांदीचे हीण घालतात आणि मुशीत टाकणखाराची (बोरॅक्सची) चिमूट सोडतात; टाकणखार मळ धरतो. मोडीचे सोने असेल तर जास्त जपावे लागते. जुन्या दागिन्याला कुणी कथील-शिशाचा डाख (सांधा) लावलेला असला, तर तेवढा भाग आधी कापून बाजूला काढतात, कारण शिशाचा अंशही सोन्याला ठिसूळ करतो. रस ओतायचा लोखंडी साचा तापवून घेतात आणि त्याला तेलाचा हात देतात. साच्यात ओल राहिली तर रस उडतो. ओतताना हात थांबला तर कांबेच्या पोटात पोकळी राहते. ऐरणीवर ठोकताना ती दबून जाते, वरून काहीच दिसत नाही. तार निम्मी बारीक झाल्यावर मात्र नेमका तिथेच पापुद्रा सुटतो.

कांब ठोकताना प्रत्येक घावानंतर पाव फेरा फिरवतात. आधी चौकोनी, मग कोपरे मारून अठकोनी, मग गोल. एकाच अंगाने ठोकली तर कड दुमडून आत जाते, आणि ती घडी पुढे चीर बनते. टोक कानशीने लांब निमुळते घासतात.

जंत्री म्हणजे ओळीने छिद्रे पाडलेली पोलादी पट्टी. प्रत्येक छिद्र मागून रुंद आणि पुढे अरुंद असते. निमुळते टोक रुंद बाजूने घालून पलीकडून सांडशीत धरतात आणि अंगाचा भार मागे टाकत एका दमात ओढतात. मध्येच थांबले तर तिथे खूण उमटते. तारेला मेण लावलेले असते. कोरडी तार खरवडते. घाई म्हणून मधले छिद्र वगळणे हा या कामातला मोठा गुन्हा समजावा: तार तिथे नाही तुटली तरी आतून ताणलेली राहते आणि पुढच्या छिद्राला दगा देते. बारीक तारेवर कारागीर दर खेपेला चिमूट फिरवतो. डोळ्याला न दिसणारे कुसळ नखाला लागते.

चार-सहा छिद्रांनंतर धातू ताठरतो. मग ताव द्यायचा. तारेचे घट्ट वेटोळे करून, तिच्याच टोकाने बांधून, ते कोळशावर ठेवतात आणि फुंकणीने मंद लाल होईपर्यंत तापवतात. वेटोळे सैल असेल तर सुटा फेरा बाकीच्यांआधी वितळतो. हा रंग उजेडात कळत नाही, म्हणून शेगडी दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. हिणातल्या तांब्याने आलेला काळपटपणा चिंचेच्या पाण्यात किंवा सौम्य तेजाबात (आम्लात) निघतो.

जाडी निम्मी झाली की लांबी चौपट होते. एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम चोख सोन्याची अर्धा मिलिमीटर तार साधारण ३ मीटर भरते, पाव मिलिमीटरची १२ मीटरांच्या वर. गोफासाठी तार शेवटी ताव देऊन मऊ ठेवतात. नथीची तार शेवटची काही छिद्रे ताव न देता ओढलेली बरी, म्हणजे ती मोत्यांच्या भाराने वाकत नाही. या दोन तारांतला फरक ज्याच्या हाताला कळतो त्यालाच तयार कारागीर म्हणावे. कानशीचा कीस आणि दुकानातला केर झारेकरी, म्हणजे केरातून सोने वेचणारे, धुऊन घेत. त्यातूनही सोने निघे.

बुऱ्हाणपुरातली तार मुख्यतः जरीसाठी निघे. सतराव्या शतकात ताव्हेर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने तिथल्या तलम कापडाची आणि त्याच्या इराण-तुर्कस्तानापर्यंतच्या निर्यातीची नोंद केली आहे. जरीसाठी चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा तापवून चिकटवत आणि मग ती ओढत. सोने चांदीबरोबर ताणले जाते, त्यामुळे केसाएवढ्या तारेवरही त्याचा थर टिकतो. तारकसाने ओढलेली ही तार पुढे चपटी करून रेशमी धाग्यावर गुंडाळली की कलाबतू तयार होई.

जानेवारी १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने १४ कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी घातली. १४ कॅरेटमध्ये सोने जेमतेम ५८ टक्के. हीण जास्त म्हणून तार लवकर ताठरते आणि ताव वारंवार द्यावा लागतो. कामच आटल्याने देशभर अनेक सोनारांनी धंदा सोडला. कॅरेटची अट काही वर्षांत सैल झाली, तरी नियंत्रणाचा कायदा १९९० पर्यंत राहिला.

आता खाचांच्या रुळांच्या यंत्रात कांब आधी दाबून बारीक करतात, आणि साखळ्यांची तार तर बहुतेक कारखान्यातूनच येते. जळगावच्या सराफ बाजारात घडणीच्या कामावर बंगाली कारागीरही दिसतात. जंत्री उरली आहे ती नथीची तार, दुरुस्ती आणि एखाद-दुसऱ्या दागिन्यापुरत्या हात-दोन हात तारेसाठी. एवढ्याशा कामाला यंत्र लावण्यापेक्षा सांडशी उचलणे सोपे पडते.