सीटखालची ती प्लॅस्टिकची पिशवी

"मूळ आरसी-लायसन गाडीतच हवं, मोबाईलवरचं चालत नाही." हे अजूनही ऐकू येतं. पण 2018 मध्येच केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 139 बदलला. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमधली कागदपत्रं मूळ प्रतींइतकीच ग्राह्य आहेत. मेख एवढीच, की गॅलरीतला किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो त्यात बसत नाही. डिजिलॉकरमध्येही आपण स्कॅन करून चढवलेला कागद नव्हे, तर 'इश्यूड' विभागात खात्याकडून आलेलाच मूळ प्रतीसमान धरतात.

उलट सीटखाली ठेवलेल्या विम्याच्या कागदाचा पावसाळ्यात लगदा होतो. आणि गाडी चोरीला गेली, तर चोराला ती कागदांसकट मिळते! त्या जागेत टूलकिट आणि पंक्चरचं सामान ठेवा. पॉवर बँक मात्र विसरू नका. फोन बंद पडला तर दाखवणार काय?