विटांचा वाफा आणि नाडेपचं टाकं, दोन्ही एक नाही बरं का

मागच्या मे महिन्यात नागपुरात मानेवाड्याच्या घरी मागच्या अंगणात भाजीसाठी विटांचा वाफा बांधायचं ठरवलं, मिस्त्रीला फक्त एवढंच सांगितलं की दहा फूट लांब पाहिजे आणि मी ऑफिसला निघून गेलो. तो गावाकडे नाडेपची, म्हणजे कचऱ्याचं खत करायची टाकी बांधून राहिलेला माणूस, त्याने सरळ तेच बांधून दिलं. संध्याकाळी येऊन पाहतो तर सहा फूट रुंद, तीन फूट उंच आणि भिंतीत जागोजागी भोकं. काहून सोडली भोकं? तर म्हणे हवा पाहिजे ना साहेब! आम्ही पण शहाणे, तसंच मातीने भरून टाकलं, आणि जूनच्या पहिल्या जोरदार पावसात त्या भोकांतून काळी माती अशी बाहेर आली जशी सोऱ्यातून शेव पडते, खालची फरशी अख्खी चिखल.

चूक मिस्त्रीची नाही खरं तर, दोन्ही दिसतात सारखेच. पण काम उलटं आहे. टाक्यात कचरा टाकून खत बाहेर काढायचं, वाफ्यात खत टाकून झाड लावायचं.

नाडेप म्हणजे आपल्या विदर्भातलीच गोष्ट, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे ना. दे. पांढरीपांडे, त्यांच्या नावावरून नाडेप. त्या भोकांना अर्थ आहे, विटांच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या थरात ती सोडतात म्हणजे आतल्या कचऱ्याला हवा मिळते आणि तो वास न मारता कुजतो. खाली विटांची फरशी असते आणि टाकं शक्यतो सावलीत, ओल उडू नये म्हणून. वाफ्याचं सगळं वेगळं. तळ उघडाच पाहिजे, मुळं खाली गेली पाहिजेत आणि गांडुळं वर आली पाहिजेत, ऊन पाच-सहा तास तरी लागतं, आणि रुंदी चार फुटांच्या वर नको कारण दोन्हीकडून हात मधोमध पोचला पाहिजे. वाफ्यात पाय दिला की माती बसली, मग उंच वाफ्याचा फायदाच काय. उंचीही एक-दीड फूट भरपूर होते.

आता खरा घोळ होतो तो भरण्यात. नाडेपमध्ये साधारण 1400-1500 किलो पालापाचोळा, 90-100 किलो शेण आणि 1750 किलो चाळलेली माती जाते, म्हणजे वजनाने माती कचऱ्यापेक्षा जास्त! हे ऐकून आमच्या वहिनी म्हणाल्या, मग तर वाफाच झाला ना, लावा वांगे. नाही ना वहिनी. पंधरा-वीस दिवसांत तो ढीग आठ-नऊ इंच खाली बसतो, पुन्हा भरावा लागतो, आणि खत व्हायला तीन-चार महिने लागतात. तेवढ्यात रोप लावलं तर मुळांखालचीच जागा खचते, आत गरमी होते, आणि वाळला पाला कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र स्वतःच खाऊन टाकतात, झाडाची पानं पिवळी पडतात आणि आपण म्हणतो रोपवाल्याने फसवलं.

मग कच्चा कचरा वाफ्यात घालायचाच नाही का? घालायचा, पण खाली पुरायचा. आम्ही यंदा तसंच केलं, आधी भिंत दीड फुटापर्यंत उतरवली, रुंदी पण कमी केली. तळाची जमीन फक्त वीतभर उकरली, जास्त नाही, कारण आपल्या काळ्या मातीत खोल खड्डा केला की पावसात त्याचं डबकं होते आणि कचरा कुजायच्या ऐवजी सडतो, घाणेरडा वास सुटतो. त्यात वाळला पाला, भाजीची देठं, संत्र्याची सालं (बारीक तुकडे करून आणि थोडीच), वरून शेणाचा काला, मग उकरलेली माती. जाड लाकडं टाकू नका, उदई (वाळवी) लागते. रविवारच्या मटणाची हाडं तर अजिबात नाही, घूस रात्रीतून अख्खा वाफा उकरते. त्याच्या वर आठ-दहा इंच तयार मिश्रण, दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी रेती. नुसती काळी माती भरली तर उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात.

सुरुवातीला वरवर मुळं असलेलं लावा, सांबार (कोथिंबीर), पालक, मेथी. टमाटर-वांगे दोन-तीन महिन्यांनी, खालचं कुजलं की. वाफा थोडा बसतोच, वरून खत टाकत राहायचं, आणि हे खत पाहिजे म्हणून शेवटी एक छोटं टाकं पण लागतेच, आम्ही काढलेल्या विटांचं आंब्याखाली केलं.

वाफ्याच्या भिंतीत उरलेली भोकं मात्र बुजवली नाही, आईने त्यात पुदिना खोचून दिला, मुळं धरली आणि आता माती पण येत नाही बाहेर.