जाळं एकाचं, राग अख्ख्या गावाचा

मालवणच्या किनाऱ्यावर एका सकाळी होडीतून फाटकं जाळं उतरवत होते. रात्री पाण्यात भिंतीसारखं उभं सोडलेलं जाळं, आणि त्यातूनच एक ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढत मासे पकडणारी मोठी यांत्रिक बोट, निघून गेलेला. मालक वाळूत बसून भोकं हातांनी चाचपत होता, एक शब्द न बोलता. ओरडत होता तो शेजारी उभा असलेला पोरगा. "आमची जाळी तोडल्यांनी!" म्हणत परराज्यातल्या सगळ्याच ट्रॉलरवाल्यांना तो शिव्या घालत होता. त्याच्या घरी होडी नाही, जाळं नाही. तो हॉटेलात काम करतो. तरी त्याचा आवाज थरथरत होता, आणि तो राग अगदी खरा होता.

मानसशास्त्रज्ञ एलियट स्मिथ यांनी 1993 मध्ये नेमकं हेच मांडलं. माणूस स्वतःला 'आम्ही' म्हणून पाहू लागला की आपल्यातल्या दुसऱ्याचं नुकसान त्याला स्वतःच्याच अंगावर आल्यासारखं वाटतं. यात ढोंग नसतं. म्हणूनच "तुझं काय गेलं?" असं त्या पोराला विचारणं मला अन्यायाचं वाटतं.

तेवढ्यात मालकाने मान वर केली. "होडी खयची ती बघ आधी. सगळ्यांका गाळी कित्याक घालतस?"

राग आणि द्वेष यांतली रेघ त्याने एका वाक्यात ओढली. राग कृत्यावर असतो: जाळं तोडलं, भरपाई द्या, पुन्हा करू नका. द्वेष माणसांच्या जातकुळीवर असतो: ते असेच, बदलणार नाहीत. एरान हालपेरिन आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इस्रायली लोकांच्या मनात पॅलेस्टिनींबद्दल मुद्दाम राग जागवला. ज्यांच्या मनात द्वेष कमी होता, त्यांचा तडजोडीला पाठिंबा उलट वाढला. द्वेष मुरलेल्यांत तसं झालं नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण भांडण मिटवायला निघालेले लोक आधी रागच दाबायला बघतात. कोकणातल्या पारंपरिक मच्छीमारांनी राग गिळला असता, तर 2016 मध्ये राज्याने पर्ससीन मासेमारीवर, म्हणजे माशांचा अख्खा थवा मोठ्या जाळ्याने घेरून पकडण्यावर, निर्बंध आणले असते का, याची मला शंका आहे. पण तोच राग 'परराज्यातले सगळे चोर' इथवर घसरला की त्या ट्रॉलरवरचा पगारी खलाशीसुद्धा शत्रू होतो.

मग दोन बाजूंना नुसतं एकत्र बसवून भागतं का? मुझफ्फर शेरीफ यांनी 1954 मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमात 22 मुलांचे दोन गट करून स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत मुलं एकमेकांचे झेंडे जाळू लागली. त्यांना एका पंगतीला बसवलं, तर एकमेकांवर अन्न फेकलं. पाणी बंद पडलं, जेवण आणणारा ट्रक अडला, अशी दोघांनाही गरज असलेली कामं पुढे आली, तेव्हा कुठे वैर हळूहळू ओसरलं. तो ट्रक त्यांनी ज्या दोरीने ओढला, तीच दोरी आधी रस्सीखेचीत त्यांनी एकमेकांविरुद्ध ओढली होती.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना एका दोरीला अख्खा गाव लागतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. प्रश्न असतो गावाबाहेरच्यांचा. डिसेंबर 2017 मध्ये ओखी वादळात भरकटलेल्या 68 होड्या 952 मच्छीमारांसह देवगड बंदराच्या आसऱ्याला आल्या. त्यातल्या 66 केरळच्या होत्या, दोन तामिळनाडूच्या. त्यांना 'परराज्यातले' म्हणायचं, की 'आम्ही'?