टाकीच्या पोटातला ताप

फेब्रुवारीतली सकाळ, सव्वासहाची वेळ. दिंडोरीच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या, वाइनच्या द्राक्षांच्या बागेत उभा होतो. ओळींमधून बायकांचे हात कात्र्या चालवत होते, डोक्याला बांधलेल्या बॅटऱ्या अजून विझल्या नव्हत्या. बागमालकांनी एक मणी बोटांनी चिरडून रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकला आणि नळी माझ्या हातात दिली. उजेडाकडे धरून पाहिलं. वर निळं, खाली पांढरं, मधली रेघ तेवीसवर. म्हणजे शंभर ग्रॅम रसात सुमारे तेवीस ग्रॅम साखर. या मापाला ब्रिक्स म्हणतात.

"तेवीस झाली, आज सगळा माल उतरवायचा. पण नऊच्या आत. ऊन चढलं की कारखानेवाले नाक मुरडतात."

द्राक्षांना उन्हाचं काय वावडं? वर्षभर त्याच उन्हात तर ती वाढली. हा प्रश्न घेऊन मी त्या दिवशी क्रेटच्या गाडीमागोमाग वाइनरीत गेलो. तिथे जे पाहिलं आणि नंतर वाचलं, त्यातून एवढं कळलं की वाइनच्या धंद्यातलं निम्मंअधिक तंत्रज्ञान म्हणजे उष्णतेशी चाललेलं भांडण आहे. विसाव्या अक्षांशावर वाइन करायची म्हटल्यावर ते भांडण बागेतल्या कात्रीपासूनच सुरू होतं.

द्राक्षवेल मूळची थंड हिवाळ्याची. युरोपात ती नोव्हेंबरात पानं गाळून झोपते, वसंतात फुटते आणि उन्हाळा संपताना फळ देते. नाशिकमध्ये तिला झोपवणारी थंडी नाही. तिला मोकळं सोडलं तर ती बारमाही वाढत राहील आणि फळ केव्हा धरायचं हे तिचं तिलाच कळणार नाही. म्हणून आपल्याकडे वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी. त्यानंतर फुटणाऱ्या काड्यांच्या डोळ्यांत, म्हणजे जिथून कोंब फुटतो त्या जागी, कडक उन्हात, पुढच्या घडांचा गर्भ तयार होतो. त्याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. पावसाळा सरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात गोड छाटणी. त्यातून येतं ते खरं पीक. म्हणजे छाटण्या दोन, फळ एकदाच. युरोपातलं द्राक्ष उन्हाळ्याच्या शेवटी पिकतं, आपलं हिवाळ्याच्या शेवटी. दरवर्षी 'निफाडचा पारा घसरला' अशी बातमी येते ना, त्या थंड रात्री मण्यांच्या वाट्याला याव्यात म्हणून अख्खं कॅलेंडर उलटं फिरवलेलं आहे. पुढच्या सगळ्या यंत्रांपेक्षा मला ही युक्ती मोठी वाटते, आणि ती वाइनवाल्यांची नव्हे, खायच्या द्राक्षांच्या बागाईतदारांची आहे.

गोड छाटणीनंतर एक अडचण येते. थंडीची झोप न मिळालेल्या वेलीचे डोळे एकसारखे फुटत नाहीत. शेंड्याचे फुटतात, खालचे तसेच राहतात. त्यावर उपाय म्हणून डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. हे रसायन जपून हाताळावं लागतं, आणि त्यात एक गंमतही आहे. शरीरात गेल्यावर ते यकृतातलं अल्कोहोल पचवणारं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतं. पेस्ट लावून आलेला माणूस संध्याकाळी प्यायला तर चेहरा लालभडक, छातीत धडधड, ओकाऱ्या. सायनामाइड काही देशांत दारू सोडवण्याचं औषध म्हणूनही वापरलं गेलं आहे. ज्या रसायनाने वाइनच्या द्राक्षाला जाग येते, तेच पिणाऱ्याला दारू नकोशी करतं.

आता उन्हाचं वावडं. वाइनचं द्राक्ष खायच्या द्राक्षापेक्षा दिसायला गरीब असतं. मणी बारीक, साल जाड, आत बिया. खायच्या द्राक्षाला जिबरेलिक आम्ल देऊन फुगवतात. इथे फुगवणं म्हणजे नुकसान, कारण रंग आणि चव बरीचशी सालीत असते आणि मणी जितका मोठा तितका सालीचा वाटा कमी. रसात मुख्य आम्लं दोन. सफरचंदात असतं ते मॅलिक आणि चिंचेत असतं ते टार्टारिक. उष्णतेत द्राक्ष श्वासाबरोबर मॅलिक आम्ल जाळून टाकतं. रात्र गरम असेल तर रात्रीही जाळतं. साखर चढत जाते, आंबटपणा उतरत जातो. दिवसा २९-३० अंश आणि रात्री १०-१२ अशी तफावत मिळाली तर दोन्ही हाताशी राहतात. न मिळाली तर वाइनरीत पोत्यातून टार्टारिक आम्ल आणून घालावं लागतं. आमटी अळणी-गुळमट झाली की आपण चिंचेचा कोळ ढकलतो, तसंच.

आंबटपणा फक्त जिभेसाठी लागत नाही. वाइन टिकवायला सल्फर डायऑक्साइड वापरतात. सांगलीकडे बेदाण्याला गंधकाची धुरी देऊन पिवळा ठेवतात, तोच हा वायू. पण त्याचा जंतू मारणारा अंश आम्लतेवर ठरतो. आम्लता पीएचमध्ये मोजतात; पीएच जितका जास्त, तितका आंबटपणा कमी. पीएच ३.२ असेल तर जितका गंधक पुरतो, त्याच्या जवळजवळ चौपट ३.८ पीएचला लागतो. दुपारच्या उन्हात रस तापला, आंबटपणा गेला, की गंधक जास्त. गंधक जास्त, की नाकात काडेपेटीचा वास. नऊच्या आत माल उतरवण्याच्या घाईमागे एवढी लांब साखळी आहे. शिवाय गरम फळ क्रेटमध्येच फुटून आंबायला लागतं, ते वेगळं.

'आंबणे' हा शब्द मराठीत फार पसरट आहे. इडलीचं पीठ आंबतं, ताक आंबतं, द्राक्षाचा रसही आंबतो. शास्त्राच्या पुस्तकात किण्वन म्हणतात, पण घरात कोणी तसं बोलत नाही. पिठातला आंबटपणा मुख्यतः जिवाणूंचा. वाइनमधलं काम यीस्टचं, म्हणजे एकपेशीय बुरशीचं. ती साखरेचा एक रेणू फोडून अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू करते. तेवीस ब्रिक्सच्या रसाची वाइन साधारण तेरा टक्के अल्कोहोलची होते. एक लिटर रसातून पन्नास लिटरहून जास्त वायू निघतो. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी साचतो. गावाकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायचे. वाइनरीत ते काम भिंतीवरचा गॅस अलार्म करतो.

आणि उष्णता निघते. एक ब्रिक्स साखर संपली की रस साधारण १.३ अंशाने तापतो. बाहेर काहीच गेली नाही असं धरलं, तर तेवीस ब्रिक्सचा रस शेवटाला तीस अंशांनी वर गेलेला असेल. वीस अंशांवर सुरुवात केली तर पन्नास. यीस्ट पस्तिशीला धापा टाकतं, चाळिशीच्या आसपास मरतं. मग अर्धी साखर तशीच राहते आणि त्या कोमट गोड रसावर नको ते जिवाणू तुटून पडतात. वाइनवाले याला किण्वन 'अडकलं' म्हणतात. अडकलेली टाकी परत चालू करणं म्हणजे विझलेली ओली चूल पेटवणं.

फ्रान्समध्ये पूर्वी हे कसं निभलं? थोडं हवामानाने, थोडं भांड्याने. तिथे रस गाळायची वेळ शरद ऋतूतली, तळघरं गार, आणि २२५ लिटरच्या लाकडी पिंपातली उष्णता बाजूंनी निघून जाते. वाटीतला भात पटकन निवतो, मोठ्या पातेल्यातला तासाभरानेही वाफ सोडतो, तोच हिशेब. टाकी दहा हजार लिटरची झाली की पोटातल्या उष्णतेला बाहेर पडायला वाटच पुरत नाही. बोर्दोतल्या ओ-ब्रियों या नामांकित वाइनरीने १९६१ साली स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बसवल्या. शतकानुशतकांच्या लाकडाशेजारी दूधडेअरीची भांडी! जुन्या लोकांना ते पाहवलं नसणार. पण पोलाद उष्णता झटकन पार करतं आणि धुवून खरोखर स्वच्छ होतं.

नाशिकला मी पाहिली ती टाकी माझ्या दुप्पट उंचीची होती. तिच्या पोटाला दुहेरी पत्र्याचा पट्टा, त्यातून ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं द्रव) मिसळलेलं गार पाणी फिरतं. पट्ट्यावर तळहात ठेवला तर बर्फाळ. बाहेरून दव ओघळत होतं, खाली जमिनीवर थारोळं. हात दोन फूट वर सरकवला तर पत्रा कोमट, आणि कान लावला तर आत मंद खळखळ. आजारी मुलाच्या कपाळावर ओली पट्टी ठेवून रात्र काढतात, तसं कोणीतरी या टाकीजवळ बसलेलं असतं. फरक एवढाच की आता थर्मामीटर आणि व्हॉल्व यांचं आपसात जमलेलं आहे. १५ अंश सांगितले की १५.

पांढऱ्या वाइनला १२ ते १८ अंश लागतात. कारण यीस्ट अल्कोहोलसोबत एस्टर नावाची फळांच्या वासाची रसायनंही बनवतं. त्यातलं एक, आयसोअमाइल अ‍ॅसिटेट, म्हणजे पिकलेल्या केळ्याचा वास. रस तापला की वायूच्या बुडबुड्यांबरोबर हे वास छपरातून निघून जातात. अशा वेळी वाइनरीत उभं राहिल्यावर सुंदर सुवास येतो, आणि जाणकार माणसाला तेव्हाच धडकी भरते. जे नाकाला आलं ते बाटलीतून गेलं.

लाल वाइनला मात्र २४ ते ३० अंशांची ऊब हवी, सालीतला रंग उतरायला. द्राक्षाचा गर जवळजवळ बिनरंगी असतो. साली वायूने वर ढकलल्या जाऊन त्यांचा जाड थर तरंगतो, आणि दिवसातून दोन-तीनदा खालचा रस पंपाने वर नेऊन त्यावर ओततात. सालीतलं रंगद्रव्य आम्ल-अल्कलीप्रमाणे रंग बदलतं. सदऱ्यावर सांडलेल्या लाल वाइनला साबण लावला की डाग निळसर-करडा होतो. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, त्यातलाच प्रकार.

लाल वाइनमध्ये पुढे दुसरं आंबणं होतं. जिवाणू तीक्ष्ण मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात, म्हणजे सफरचंदाचं आम्ल दह्याचं होतं. हे काम करणाऱ्या ईनोकॉकस ईनी या जिवाणूला १९९५ पर्यंत ल्युकोनोस्टॉक म्हणत. त्याच ल्युकोनोस्टॉक घराण्यातली भावंडं आपल्या इडलीच्या पिठात असतात. पसरट म्हणून नावं ठेवली खरी, पण 'आंबणे' या शब्दाला हे नातं आधीपासून ठाऊक होतं असं म्हणायला हरकत नाही.

उष्णतेचा दुसरा चेहरा पाश्चरने दाखवला. १८६३ मध्ये तिसऱ्या नेपोलियनने त्याला वाइन का बिघडते हे शोधायला सांगितलं. जंतूंमुळे बिघडते आणि ५०-६० अंशांपर्यंत थोडा वेळ तापवली तर टिकते, हे त्याने १८६६ मध्ये प्रसिद्ध केलं. दुधाच्या पिशवीवर त्याचं नाव आपण रोज वाचतो, पण पद्धत आधी वाइनसाठी निघाली. चांगल्या वाइनला हल्ली कोणी तापवत नाही. ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या गाळणीतून काढली की जिवाणू मागे राहतात.

ड्रोन, पानांचा रंग मोजणारे कॅमेरे, एकेक मणी पाहून खराब मणी हवेच्या झोताने उडवणारी यंत्रं यांच्या बातम्या सारख्या येतात. असतील उपयोगी. पण निवडीच्या पट्ट्याशी उभ्या असलेल्या चार बायका पिचका मणी ज्या वेगाने उचलत होत्या, ते पाहून मला त्या यंत्राची फारशी निकड जाणवली नाही. तिथल्या इंजिनिअरनेही सांगितलं की त्याला सगळ्यात लाडकं यंत्र जनरेटर आहे. हंगामात चार तास वीज गेली तर पट्ट्यातलं पाणी कोमट होतं.

झाकणात मात्र खरा बदल झाला. बुचाच्या सालीत राहणाऱ्या बुरशीमुळे ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल नावाचं रसायन बनतं आणि वाइनला पावसाळ्यात ओल धरलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो. हा गुन्हेगार १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडच्या हान्स टॅनर आणि सहकाऱ्यांनी पकडला. लिटरमागे पाचेक नॅनोग्रॅम असले तरी तयार नाकाला कळतं. ऑलिंपिकच्या तलावात बारा-तेरा मिलिग्रॅम टाकण्याइतकं हे प्रमाण, म्हणजे चिमटीभर मिठाहूनही कमी. कंटाळून ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीच्या वाइनवाल्यांनी २००० सालच्या रिझलिंग या पांढऱ्या वाइनला एकत्र ठरवून फिरकीचं झाकण लावलं. भारतातही ते पुष्कळ दिसतं, आणि इथे त्याला आणखी एक कारण आहे. गरम झाल्यावर वाइन फुगते आणि बूच वर ढकलते.

२०२२च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचा निर्णय राज्य सरकारने घेतला, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे असा युक्तिवाद रंगला होता. रसायनशास्त्राला तो फरक माहीत नाही, इथेनॉल तेच. पण विकायची कुठे यावरून एवढा गदारोळ झाला, त्यात ती दुकानात किती अंशांवर ठेवणार हे कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मी शहरातल्या एका दुकानातून पाहुण्यांसाठी एक बाटली आणली. फडताळाच्या सगळ्यात वरच्या खणात, पश्चिमेच्या काचेला टेकून उभी होती. घरी पाहिलं तर बूच रेषभर वर आलेलं आणि लेबलावर चिकट ओघळ. ग्लासात ओतली. वास मोरावळ्याचा आणि चव गुळाच्या पाण्याची. पहाटेची तोडणी, बर्फाळ पट्टा, १५ अंश, सगळं त्या काचेपाशी वाया गेलं होतं. दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन परत गेलो आणि मालकाला म्हटलं, ही उष्णतेने खराब झाली आहे.

त्याने बाटली हातात घेऊन पाहिली. म्हणाला, "थंड पाहिजे होती होय साहेब? मग काल बोलायचं ना. दहा मिनिटं फ्रीजरला टाकून दिली असती."