वायफाय-ब्लूटूथचं भांडण ड्रायव्हरपर्यंत कसं आलं

मोठी फाइल उतरवायला घेतली की ब्लूटूथ हेडफोनवरचं गाणं तुटायला लागतं. जुना लॅपटॉप वापरलेल्यांना हे सांगायला नको.

मूळ दुखणं जागेच्या टंचाईचं. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने १९८५ मध्ये रेडिओ लहरींचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना संपर्कासाठी खुला केला (आपल्याकडे त्याला २००५ उजाडलं). पट्टा जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्झचा. वायफाय त्यातले वीसेक मेगाहर्ट्झ अडवून ठाण मांडतं, तर ब्लूटूथ ७९ चॅनेलांवर, म्हणजे पट्ट्याच्या बारीक फाळ्यांवर, सेकंदाला १,६०० उड्या मारतं. उडी नेमकी वायफायच्या अंगावर पडली की माहितीचं पॅकेट वाया.

२००३ मध्ये ब्लूटूथ १.२ आलं आणि गजबजलेले चॅनेल टाळून उड्या मारायची सोय झाली. शेजाऱ्याच्या राउटरपुरतं हे ठीक. लॅपटॉपमध्ये मात्र दोन्ही रेडिओ बोटभर अंतरावर, कधी एकाच अँटेनावर. एक बोलायला लागला की दुसऱ्याला ऐकूच येत नाही. तिथे पाळ्या लावण्याला पर्याय नाही, आणि त्याच वर्षीच्या आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ८०२.१५.२ या शिफारशीत दोघांमध्ये पंच बसवायची पद्धत मांडलेली आहे.

प्रत्यक्षात चिपांमध्ये दोन-तीन तारा ओढल्या गेल्या. ब्लूटूथने कळवायचं, ‘मी बोलतोय, काम महत्त्वाचं आहे’. वायफायने कळवायचं, ‘आत्ता थांब’. ब्लूटूथचा एक स्लॉट, म्हणजे बोलायची एक पाळी, ६२५ मायक्रोसेकंदांचा असतो. तेवढ्यात दर वेळी ड्रायव्हरला, म्हणजे चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, विचारत बसणं परवडत नाही, म्हणून पंच हार्डवेअरमध्ये बसला आणि ड्रायव्हरकडे फक्त नियमावली आली.

लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या एटीएच९के या, अथेरॉस कंपनीच्या वायफाय कार्डांच्या ड्रायव्हरमध्ये ती उघड वाचता येते. ४५ मिलिसेकंदांचं चक्र; त्यात काही वेळ वायफायची दांडगाई, उरलेला वेळ ब्लूटूथला मोकळी वाट. या दांडगाईला कोडमध्ये चक्क ‘स्टॉम्प’, म्हणजे तुडवणं, म्हटलंय. सगळ्यांना तुडवा, कमी महत्त्वाच्यांना तुडवा, कुणालाच नको, अशा तिच्या पायऱ्या. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी! ब्लूटूथ नवी उपकरणं शोधत असेल, तर त्याचा वाटा वाढतो.

पण तारा प्रत्येक बोर्डावर जोडलेल्या असतीलच असं नाही. सुरुवातीला ड्रायव्हरमध्ये मोजक्या कार्डांचे क्रमांकच लिहून ठेवले होते. आजही तिथला ‘बीटीकोएक्स इनेबल’ हा ब्लूटूथशी जुळवून घेण्याचा पर्याय मुळात ० (बंद) असतो, स्वतः १ करावा लागतो. इंटेलच्या आयडब्ल्यूएलवायफाय या ड्रायव्हरमध्ये तसलाच पर्याय आधीपासून चालू असतो.