पास (स्वमग्नतेवरील उपचारपद्धती)

विकासात्मक अक्षमतांपैकी स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या लहान मुलांसाठी पालकांमार्फत द्यावयाच्या उपचाराची ही दक्षिण आशियासाठी बेतलेली पद्धती आहे. तिचे मूळ रूप ‘पॅक्ट’ या नावाने इंग्लंडमध्ये घडले आणि तेथे वाचा-उपचारतज्ज्ञ ती वापरत. १५२ मुलांवरील तिच्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. भारत व पाकिस्तानात असे तज्ज्ञ फार थोडे असल्याने गोव्यातील ‘संगथ’ ही संस्था आणि रावळपिंडीतील संशोधक यांनी तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या हाती ती देऊन पाहिली.

उपचार मुलावर नव्हे, तर पालकाच्या लक्ष देण्यावर होतो. आई व मूल नेहमीसारखे खेळतात, त्याचे काही मिनिटांचे चित्रीकरण होते आणि मग ते दोघींनी, म्हणजे आईने व कार्यकर्तीने, थांबवत थांबवत पाहायचे असते. उदाहरणार्थ, मूल खेळण्यातली गाडी उलटी धरून चाक गरगर फिरवत आहे आणि आई ‘रंग कोणता, सांग’ असे विचारत राहिली आहे. पुढे ती गप्प होऊन स्वतःच चाकाला बोट लावते, तेव्हा मूल क्षणभर मान वर करते. चित्रफीत थांबते ती या दुसऱ्या जागी, आणि तेथे काय घडले हे आईनेच सांगायचे असते.

‘पास’ची ६५ मुलांवरील चाचणी २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. पालकाच्या प्रतिसादाचा मुलाशी मेळ वाढला आणि मुलाने आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाणही वाढले. मात्र दोघांचे एकाच वस्तूवर लक्ष असण्याचा वेळ घटला. शिवाय जे शिकवले तेच पालकात दिसणे यात फारसे नवल नाही. मुलातला बदल घराबाहेर, अनोळखी माणसाबरोबर टिकतो का, हा खरा प्रश्न आहे. मूळ इंग्लंडमधील चाचणीत उपचार संपताना स्वमग्नतेच्या लक्षणांवर ठळक परिणाम आढळला नव्हता, पण सुमारे सहा वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा तपासले असता लक्षणांची तीव्रता तुलनागटापेक्षा (नेहमीचीच सेवा मिळालेल्या मुलांपेक्षा) कमी असल्याचे २०१६ मध्ये नोंदवले गेले.

चित्रफितीचा हाच मार्ग ऑस्ट्रेलियात निदानापूर्वी, सुमारे वर्षभराच्या बाळांसाठी वापरण्यात आला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तीन वर्षांच्या वयात स्वमग्नतेचे निदान उपचारगटातील ६.७ टक्के, तर दुसऱ्या गटातील २०.५ टक्के मुलांमध्ये झाले.